कडकची पट्टी

स्पर्धेच्या मैदानालगत गोल्फच्या काठ्या दुरुस्त करणारी व्हॅन उभी होती. रांगेत माझ्यापुढे पिकल्या केसांचा एक खेळाडू होता.

"मिस्त्री, दांड्याला चीर गेलीय. नवा घाला."

"नेहमीचाच कडक ना, दादा?"

"नेहमीचा खरंच कडक असतो का हो?"

"पट्टीवर लिहिलेलं असतं की."

"गेल्या स्पर्धेला तुम्ही नव्हतात. दुसऱ्याने कडक दांडा घातला, तर चेंडू तळंसुद्धा ओलांडेना."

"असं झालं होय!"

"कधीपासून नरम दांडा घालून वर कडकची पट्टी लावताय?"

"तुमचा खांदा दुखावला तेव्हापासून. नरम दांड्याला जोर कमी लागतो. चार वर्षं झाली. रागावलात?"

"रागावतोय कसला! त्या चार वर्षांत दोनदा जिंकलो. नरमच घाला."

"आणि पट्टी?"

"कडकचीच. बॅग माझी लेक उचलते. बाप थकला, हे तिला कळायला नको."

"दादा, नरम घाला म्हणून सांगायला तीच आली होती."

मिस्त्रीने नरम दांडा यंत्रात बसवला.

"मग पट्टी कुठली लावू?"

"कडकचीच. आणि लेक आली, तर मी तुम्हाला काही विचारलं नव्हतं, बरं का."