मंजिरीचं बी-ट्वेल्व्ह

...आणि वर तो लॅबवाला हसून म्हणतो, "बधाई हो भाभीजी, सब नॉर्मल है." आता तुम्हीच सांगा, सहा महिने जिना चढताना मध्येच बसणाऱ्या बाईला कोणी बधाई देतं? सकाळी उठते तीच दमलेली, कणीक मळता मळता डोळे मिटतात, आणि माझा मेला रिपोर्ट नॉर्मल!

बरं, तेही सोसलं असतं, पण मंजिरी... मंजिरी म्हणजे माझी धाकटी जाऊ. तुम्हाला सांगते, दोघी एकाच शेअर टेम्पोतून पडावच्या लॅबमध्ये गेलो, एकाच बाकावर बसून रक्त दिलं, ती तर नुसती माझ्या सोबतीला आलेली, अन् कमी निघालं तिचं! बी-ट्वेल्व्ह एकशे दहा, डी नऊ, दोन्ही व्हिटॅमिनं तळाला. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, पोरगी उभी तरी कशी होती इतके दिवस?" भावजी स्वतः चहा करायला लागले. इंजेक्शनच्या दिवशी तर तिचं ताट पलंगावर. हो, जळते मी तिच्यावर, सांगायला कसली लाज? मला काय तिच्याएवढं नको होतं, थोडंसं कमी निघालं असतं तरी चाललं असतं. दुपारी अर्धा तास आडवं व्हायला हातात काहीतरी कागद नको का? तिचा तो आजार, माझा तो आळस, कारण माझा मेला रिपोर्ट नॉर्मल!

मग काय, सल्ले. आमचे हे पेपरमागून, "चहा कमी कर." शेजारच्या शांताताई, "अश्वगंधा घे, दुधातून." घेतली, घासायला एक भांडं वाढलं. आमचा केदार, "आई, तू ना मॅग्नेशियम ट्राय कर, और टेन्शन मत ले यार." मंजिरीच्या गोळ्यांतली एक चोरून घ्यायला गेले, खोटं कशाला बोलू, तर ही मागे उभी. "वहिनी, तुम्हाला कशाला? तुमचं तर सगळं छान आहे ना."

शेवटी बाड्याच्या चौकाजवळच्या डॉक्टरीणबाईंनी आणखी एक तपासणी सांगितली, फेरिटिन. अंगात लोहाचा साठा किती, ते कळतं म्हणे. आणि काय सांगू, निघालं की हो! सहा, फक्त सहा! कागद छातीशी धरून घरी आले, सगळ्यांना बसवून वाचून दाखवला. म्हटलं आता पलंग, आता ताट... सासूबाईंनी चष्मा लावून नीट वाचलं आणि माळ्यावरून लोखंडी कढई काढायला लावली. मलाच. "गोळ्या घेच, पण भाजी आता हिच्यातच कर. लोह कमी आहे ना तुझं?"

तेव्हापासून दोन्ही वेळची आठ माणसांची भाजी त्या धोंड्यात मी ढवळते, मी घासते, पुसून तेलाचा हात मी फिरवते. मंजिरीला ती उचलत नाही, तिला अशक्तपणा आहे. भाजी मात्र दोनदा वाढून घेते, गालांवर लाली आलीय नुसती. सगळे म्हणतात, कढईचा गुण. असेल बाई. चला, उठते मी, ती फार वेळ ओली ठेवता येत नाही.