भुवईवरचा वण

(१९३२ सालचा वैशाख. तळे गावाजवळच्या एका वाडीत येसाजीच्या घरचे लग्न. मांडवामागे फोटोग्राफर त्र्यंबकरावांनी तिपाईवर कॅमेरा लावलेला; त्यांना गिऱ्हाईक आणून देणारा कोंडाजी शेजारी.)

त्र्यंबकराव : नाही, कोंडाजी. या नवरीचे तोंड उन्हाकडे वळवल्याखेरीज मी भिंगावरचे झाकण काढणार नाही.

कोंडाजी : अवो मास्तर, नवरदेव कवाचा ताटकळलाय. घामानं हळद उतराया लागली त्याची.

त्र्यंबकराव : उतरू द्या. हिच्या डाव्या भुवईवर तिरपा वण आहे. या मोसमात हा वण मी फोटोच्या काचेवर पेन्सिलीने तीन वेळा बुजवला आहे. मांदाडच्या नवरीचा, रहाटाडच्या नवरीचा आणि महागावच्या नवरीचा.

कोंडाजी : वण काय एकीलाच असतो व्हय? आमच्या पोरी इळा हातात धरूनच मोठ्या व्हत्यात.

त्र्यंबकराव : आणि सगळ्यांचा विळा त्याच भुवईवर, त्याच मापाने बसतो? मुली, तुझे नाव काय?

केसर : केसर. ह्यांची भाची मी.

कोंडाजी : तू गप गं.

केसर : आता गप बसून काय, मामा? मास्तरांनी वळखलं न्हवं.

त्र्यंबकराव : चार लग्ने, चार नवरदेव, आणि नवरी एकच! हा काय प्रकार आहे?

कोंडाजी : हळू बोला, वऱ्हाड ऐकंल. बोहल्यावर खरी नवरीच बसते. केसर निस्ती फोटोपुरती. सरकारनं चौदा वर्सांचा कायदा काढलाय, आन् येसाजीची ठमी हाय आठ वर्सांची. उद्या कुनी जळक्यानं कोर्टात अर्ज केला, तर येसाजीनं दावायचं काय? फोटो दावायचा. बघा सायेब, नवरी कशी थोराड हाय.

त्र्यंबकराव : ती ठमी कोठे आहे?

कोंडाजी : आत्ताच तर तुमी हाकलली.

त्र्यंबकराव : ती? नाक पुसत मधेमधे येणारी? मी तिला करवली समजलो!

कोंडाजी : दर बारीला तेच समजता. 'ही करवली बाजूला करा, काच फुकट जाईल,' म्हून तुमीच वरडता. आमाला सांगायबी लागत न्हाय.

त्र्यंबकराव : शी! शिसारी येते हो मला. तुमची येते आणि माझीही येते.

कोंडाजी : शिसारी कशाची? बरकत म्हना बरकत.

त्र्यंबकराव : तळ्याच्या बाजारात पाटी लावून मी वर्षभर बसलो. कोणी उंबरठा ओलांडला नाही. तुम्ही वऱ्हाडे आणू लागलात, तेव्हा मला वाटले, माझ्या कामाचा लौकिक झाला. प्रकाशाची योजना, नेमके अंतर, स्वच्छ छपाई. मुंबईच्या तांत्रिक शाळेत यासाठीच तर घासून घेतले होते.

कोंडाजी : लौकिक झालाय की! नवरी दुसरीच असती, हे पाच कोसांत समद्यांना म्हाईत हाय. एका तुमालाच न्हवतं. असा फोटूवाला शोधून मिळंल काय?

त्र्यंबकराव : ठमीला बोलवा. नवरदेवाशेजारी तिला उभी करा. काढीन तर तिचाच काढीन.

कोंडाजी : म्हंजे येसाजीला तुमीच धरून देनार?

त्र्यंबकराव : मग काढीतच नाही. खोटी साक्ष देणारी काच माझ्या हातून यापुढे निघणार नाही.

कोंडाजी : काळ्या फडक्यात डोकं घालून जग उलटं बघायचं, आन् आमाला सुलटं शिकवायचं! आयका मास्तर. आज ही तिपाई मिटलीत, तर तळ्यात तुमच्या दारावर कुत्रं फिरकायचं न्हाय. रोह्यास्नं दुसरा आनीन.

त्र्यंबकराव : आणा. त्याचे डोळे माझ्याहून अधू असोत.

कोंडाजी : मांडवात काय सांगू?

त्र्यंबकराव : फोटोग्राफर बिघडला म्हणून सांगा.

कोंडाजी : त्ये तर दिसतंयच. चल गं केसर.

केसर : तुमी व्हा पुढं, मामा. पदर नीट करते नि येते.

त्र्यंबकराव : तू अजून उभी का? तुलाही लाज वाटायला हवी होती.

केसर : वाटती की. मागल्या पंधरवड्यात पाच कोसांपल्याडच्या बोर्लीची मान्सं मला बघाया निगाली हुती. वाटंत मांदाडला पानी प्याया टेकली. तितं भितीवरल्या फोटोत मी, कुनाच्या तरी नवऱ्याला लागून. त्यांच्यातल्या एकीनं मला आदी पायलं हुतं; तिनं वळखलं नि तितूनच माघारी गेली.

त्र्यंबकराव : त्या तिन्ही काचा मी आजच फोडतो.

केसर : काचा फोडून काय व्हतंय? भितीवरल्याला त्ये सनासुदीला हार घालत्यात.

त्र्यंबकराव : मग मी काय करू, तूच सांग.

केसर : ही मुंडावळी काढते. माझा एकटीचा एक काढा.

त्र्यंबकराव : त्याने ते भिंतीवरचे फोटो खाली येणार नाहीत, केसर.

केसर : न्हाईत येनार. त्ये मला म्हाईत हाय.

त्र्यंबकराव : बरे. अशी इकडे, उजेडात ये. वण या खेपेस बुजवणार नाही मी.

केसर : नगाच बुजवू.

त्र्यंबकराव : आता मी झाकण काढतो. हलू नकोस.

केसर : न्हाय हलायची. सवय झालीय.