ठोंब्या काही दारातून हलेना

...आणि वर प्रयोगशाळेतले सगळे मलाच विचारतात, "गेला का?" अहो, कुठला जातोय! तुम्हाला सांगतो, दीड महिना झाला, कॉम्प्युटरसमोर बसून मी एका पोटॅशियमच्या आयनकडे बघतोय. आयन म्हणजे विजेचा भार असलेला कण हो, डोळ्याला न दिसणारा. पेशीच्या पडद्यात एक बोगदा असतो, आयन चॅनेल, त्यातून हे आयन ये-जा करतात म्हणून तुमचं-माझं काळीज धडधडतं. ते जातात कसे, एवढंच कॉम्प्युटरवर घडवून बघायचंय. आणि हा दारात ठाण मांडून! मी नाव ठेवलं ठोंब्या. दार उघडं, मागून व्होल्टेज ढकलतंय... जा ना रे बाबा, अडवलंय कुणी?

पण दृश्य काय सांगू! पडदा संथ डुलतोय, पाण्याचे रेणू गिरक्या घेतायत, घाई कुणालाच नाही... बघता बघता पापण्या जड होतात आणि मीच तिथे तरंगायला लागतो, ठोंब्याच्या शेजारी, आणि खरं सांगू? इतकं बरं वाटतं! तेवढ्यात आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम, "सोमवारपर्यंत तुमचा आयन गेला नाही, तर तुम्ही जा!" झालं! नोकरीवरच आलं की हो!

रविवारी बायको कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, "अहो, पण तो दारात आलाच कसा?"

मी ऐटीत, "आपणच ठेवतो गं. बाकी पाणीबिणी स्थिरावेपर्यंत त्याने हलू नये म्हणून स्प्रिंगने बांधतो. म्हणजे कॉम्प्युटरमधल्या, खऱ्या नव्हे."

"मग सोडता कधी?"

सोडायचाच राहिला होता! दीड महिना! बांधलेल्या जिवाला मी म्हणतोय, जा ना रे बाबा, अडवलंय कुणी!

तसाच पळालो, स्प्रिंग काढली. सोमवारी सकाळी ठोंब्या जरा थरथरला, अंगाला चिकटलेलं पाणी झटकलं आणि सुळ्ळकन पलीकडे! मागे वळूनसुद्धा बघितलं नाही हो.

मॅडमना दाखवलं. चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "छान. पण एकदा गेला, हा योगायोग. आता शंभर जाऊ देत."

नोकरी राहिली म्हणायची. आता दुसरा एक येऊन दारात थांबलाय. बांधलेला नाही, तीन-तीनदा बघितलं! नुसताच उभा आहे, पाणी डुलतंय, पापण्या जड... जा ना रे बाबा... बरं, राहू दे. सावकाश जा. मला तरी कुठे जायचंय?