आठवा प्लग

ग्लेंडा : ट्रेलर कोठाराच्या दाराशी लावलाय. मागं घेताना तुझा टपालाचा डबा जरा वाकला.

हार्लन : जरा म्हणजे?

ग्लेंडा : आडवा झालाय. गाडी कुठंय?

हार्लन : छत्तीस वर्षं जिथं आहे तिथंच. दाराला टेकू नकोस, त्यावरची धूळ मूळची आहे.

क्लीट : आणि खाली बघून चाल, ग्लेंडा. ते माझे पाय आहेत.

ग्लेंडा : क्लीट? गाडीखाली काय करतोयस?

क्लीट : तेल गळतंय का बघतोय. गळतंय. म्हणजे आत तेल आहे, बरं लक्षण आहे.

ग्लेंडा : मी गाजराचा केक आणलाय. ट्रकमध्ये आहे.

क्लीट : मग कापू या ना.

हार्लन : केकला कुणी हात लावायचा नाही.

क्लीट : का? वाढदिवस तुझ्या बायकोचा आहे, मार्लीन काही वरून येत नाही तुकडा मागायला.

ग्लेंडा : याला माझ्या बहिणीच्या चिठ्ठीचं सांगितलं नाहीस? सहा महिने हा तुझा दोस्त तुझ्या कोठारात झोपल्यासारखा पडून आहे आणि याला माहीत नाही?

हार्लन : मला पाठ आहे, तेवढं पुरे.

ग्लेंडा : याला नाही पाठ. ऐक. “माझ्या पुढच्या वाढदिवशी केक कापायच्या आत हार्लननं माझी पाँटियाक गाडी चालू केली, तर ती त्याची. नाही केली, तर ग्लेंडाची. त्याला रडू देऊ नका, तो मुद्दाम रडतो.” खाली सही. दवाखान्यातल्या जेवणाच्या कागदामागं लिहिलंय. पुढच्या बाजूला उकडलेले वाटाणे.

हार्लन : शेवटचं वाक्य तू घुसडलंस.

ग्लेंडा : अक्षर बघ.

क्लीट : इकडे दे. हं. तिचंच. माझ्या शिकारीच्या टोपीत आतून याच अक्षरात लिहिलं होतं तिनं, “हा सापडल्यास परत आणू नये.”

ग्लेंडा : तर हार्लन, अकरा वाजलेत. केक एकला. त्यानंतर गाडी ट्रेलरवर.

हार्लन : आणि मग?

ग्लेंडा : मग नवीन इंजिन. लाल रंग. ऑगस्टात वुडवर्ड रस्त्यावर सगळे जुन्या गाड्या घेऊन निघतात तेव्हा मी पण निघणार. काळा चष्मा घेऊन ठेवलाय.

हार्लन : लाल? हा हिरवा कारखान्याचा आहे.

ग्लेंडा : शेवाळलेल्या डबक्यासारखा दिसतो.

हार्लन : एकोणसत्तर साली डबकी अशीच असायची. हिच्यात टायर, ब्रेकच्या नळ्या आणि बॅटरी सोडली तर एक स्क्रू बदललेला नाही. इंजिनावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर एक आहे. सीटा तिच्या हातच्या आहेत.

ग्लेंडा : ती गाड्यांच्या कारखान्यात शिवणखात्यात होती रे. दिवसाला शेकडो कव्हरं शिवायच्या त्या बायका. हीच सीट तिनं शिवली कशावरून?

हार्लन : ती म्हणायची म्हणून.

क्लीट : त्या टाक्याला तसाही तिचाच स्वभाव आहे. सरळ जातो आणि कुणाला वाट देत नाही.

ग्लेंडा : बरं, सहा महिन्यांत केलंत काय तुम्ही दोघांनी?

हार्लन : उंदीर काढले.

क्लीट : उंदीर नाही, वंशावळ. हीटरच्या डब्यात मार्लीनचे लोकरी हातमोजे उसवून घर बांधलं होतं. आमच्या घरापेक्षा ऊब होती त्यात.

हार्लन : टाकी धुतली. कार्ब्युरेटर उघडून, पुसून, होता तसा लावला. आणि रोज सकाळी पुढच्या नटाला लांब पाना लावून इंजिन हातानं फिरवायचं.

ग्लेंडा : रोज?

हार्लन : फिरत नव्हतं. साडेचार महिने हललंच नाही. पण पाना लावायचा, जोर द्यायचा, इकडे, तिकडे. जास्त जोर दिला तर आत तुटतं. म्हणून थोडाच.

ग्लेंडा : साडेचार महिने तू न हलणाऱ्या नटाला पाना लावून उभा होतास.

हार्लन : घरात बसून दुसरं काय केलं असतं? चर्चमधल्या बायकांनी आणून दिलेला नूडल्सचा भाजका भात खाल्ला असता?

क्लीट : नूडल्सचा भात नसतो, हार्लन.

हार्लन : ते जे काय होतं ते. सतरा भांडी आली. सगळ्यांत तेच. माणूस मेलं की यांना नूडल्स आठवतात.

ग्लेंडा : त्यातलं एक माझं होतं.

क्लीट : ते चांगलं होतं. मी खाल्लं.

ग्लेंडा : आणि मग कधी हललं?

क्लीट : मे महिन्यात. आठातले सात सिलिंडर केव्हाच मोकळे होते. एकानं सगळ्यांना धरून ठेवलं होतं. आठवा.

ग्लेंडा : एकच का? सगळे एकाच कोठारात होते ना?

हार्लन : गंज लागतो.

ग्लेंडा : एकालाच?

क्लीट : सांगून टाक हार्लन. नाहीतर मी सांगतो, आणि माझ्या गोष्टीत तू फार मूर्ख असतोस.

हार्लन : प्रत्येक हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायचं मीठ पडायच्या आत गाडी आत घ्यायची. आठ सिलिंडरांचे आठ प्लग काढायचे, प्रत्येक भोकात चमचाभर तेल, प्लग परत. म्हणजे आत गंज धरत नाही. अठ्ठ्याऐंशी साली चौदा नोव्हेंबरला मी ते करत होतो.

ग्लेंडा : चौदा. दुसऱ्या दिवशी हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू.

हार्लन : हो. आठवा प्लग मागं आहे, एसीच्या डब्याखाली. हात सोलल्याशिवाय निघत नाही. आणि बाहेर हा ट्रकमध्ये बसून हॉर्न वाजवत होता.

क्लीट : चार तासांची वाट होती. अंधार पडायच्या आत तंबू ठोकायचा होता.

हार्लन : मी सातांत तेल घातलं. हात पुसले. घरात गेलो. ती म्हणाली, आठही झाले? मी म्हणालो, आठही.

क्लीट : हरीण पण मिळालं नाही. यानं एका बुंध्याला गोळी घातली. चांगला, मोठा बुंधा होता.

हार्लन : पुढच्या वसंतात माझी पाठ धरली. त्याच्या पुढच्या वर्षी छप्पर उडालं. तिसऱ्या वर्षी पाना लावला, तर हलेना. तिला म्हणालो, बॅटरी. मग म्हणालो, पुढच्या वर्षी. मग तेच म्हणत राहिलो.

ग्लेंडा : तिला माहीत होतं.

हार्लन : काय?

ग्लेंडा : तुम्ही हरणाच्या मागं होतात तेव्हा ती इथं आली होती. हातमोजे गाडीत राहिले वाटून. बॉनेट उघडं टाकून गेला होतास तू. सात प्लगांभोवती तेलाचे ओघळ आणि आठवा कोरडा, वर धूळ तशीच. मला फोन करून हसत होती. तुला ओळखून होती ती.

हार्लन : मग तिनं का नाही घातलं? चमचाभर तेल. तिला प्लग काढता येत होता.

ग्लेंडा : मी पण हेच विचारलं. म्हणाली, तो येऊन सांगेल, मग घालीन.

हार्लन : छत्तीस वर्षं?

ग्लेंडा : पहिली दोन हसत. नंतर हट्टानं. नंतर मला वाटतं विसरली असेल, आणि दवाखान्यात आठवलं.

क्लीट : तुम्हा नवराबायकोच्या भांडणात चारशे घन इंचांचं चांगलं इंजिन मेलं असतं, एवढंच मी म्हणतो. दुसरं काही म्हणत नाही.

ग्लेंडा : सुटला कसा मग?

हार्लन : गिअरच्या तेलात नखांचा रंग काढायचं पाणी मिसळून प्लगच्या भोकातून ओतायचं. ते झिरपत जातं. न्हाणीघरातल्या तिच्या कपाटात अकरा बाटल्या होत्या.

ग्लेंडा : अकरा? बाईला नखं दहा.

हार्लन : सात संपल्या. मेच्या सतरा तारखेला पाना पाव इंच हलला. मी घरी जाऊन अंडी करून खाल्ली.

क्लीट : तेव्हापासून सांगतोय, किल्ली फिरव. हा रोज हातानं दोन फेरे देतो आणि बॉनेट लावतो. आज शेवटचा दिवस आहे हे मला आत्ता कळतंय.

ग्लेंडा : भ्यायलास तू.

हार्लन : हो. किल्ली फिरवली आणि आत काही मोडलं, तर तेही मीच मोडलेलं. एकदा मोडून झालंय.

ग्लेंडा : आणि नाही फिरवलीस तर एक वाजता मी नेणार. लाल.

क्लीट : पेट्रोलचा डबा मी धरतो. वाळूची बादली ग्लेंडाकडे दे. आग लागली तर आधी माझ्यावर टाक, मग गाडीवर.

ग्लेंडा : उलट सांगितलं असतं तर मला जास्त आवडलं असतं.

हार्लन : मी खिडकीतून हात घालून फिरवतो. गिअर काढलेला आहे. बाजूला व्हा.

क्लीट : आत बसून फिरव की माणसासारखा.

हार्लन : सीट पुढं आहे. तिचा रूळ गंजलाय. फिरवू?

ग्लेंडा : फिरव.

हार्लन : थांब. मार्लीन, आठवा केला नव्हता मी.

क्लीट : झालं? कळलं तिला. फिरव.

(इंजिन तीनदा नुसतं घरघरतं. चौथ्यांदा दणका, मग सगळं कोठार हलवणारा आवाज. हळूहळू तो एका लयीत बसतो.)

ग्लेंडा : हे काय उडालं? माझे बूट!

क्लीट : अक्रोड. उंदरांनी धुराच्या नळीत साठवले होते. भाजलेत चांगले.

ग्लेंडा : धूर केवढा निळा.

हार्लन : तेल जळतंय. तिच्या बाटल्या जळतायत. क्लीट, मागून ऐक. आठ आहेत का?

क्लीट : आठ.

हार्लन : नीट ऐक.

क्लीट : चाळीस वर्षं यंत्रांपाशी काढलीत मी. आठ आहेत. आता बाहेर काढ हिला, नाहीतर तिघं इथंच गुदमरू आणि सतरा भांडी तिघांच्या घरी येतील.

हार्लन : मी मावत नाही. गुडघे कानाला लागतात. तू काढ.

क्लीट : माझं पोट स्टिअरिंगला टेकतं. हॉर्न वाजत राहील.

ग्लेंडा : सरका दोघं. ती बादली घे.

हार्लन : हिचा क्लच वर आल्यावर धरतो.

ग्लेंडा : मी हिच्यावरच शिकले गाडी. मार्लीननं शिकवलं. दोन दिवस आम्ही बोलत नव्हतो.

क्लीट : बसली? मी दार पूर्ण उघडतो.

ग्लेंडा : हार्लन.

हार्लन : काय?

ग्लेंडा : ही सीटखालची कळ ओढली, तर सीट मागं गेली. पार शेवटपर्यंत. एका बोटानं.

हार्लन : हं.

क्लीट : गंजलीय म्हणाला होतास. तीन आठवडे मी म्हणतोय तेल मारतो, तर अंगावर येतोय.

हार्लन : पुढून तिसरी खाच. परत लाव.

ग्लेंडा : तू मावतोस आता यात.

हार्लन : पुढून तिसरी, ग्लेंडा.

ग्लेंडा : बरं. एक. दोन. ही?

हार्लन : अजून एक.

ग्लेंडा : लागली.

हार्लन : पाय पोचतात?

ग्लेंडा : बरोब्बर. मी तिच्यापेक्षा अर्धा इंच उंच आहे, पण तिनं ते कधी कबूल केलं नाही.

क्लीट : म्हणजे चिठ्ठीप्रमाणं गाडी याची. आणि याला ती चालवता येत नाही, कारण हा सीट हलवू देत नाही. मला केक हवाय.

हार्लन : आता काप.

ग्लेंडा : माझ्यासाठी कडेचा ठेव. हार्लन, तिकडून बस. तुझ्या बाजूची सीट मागंच आहे.

हार्लन : ती पहिल्यापासून मागंच असायची.

ग्लेंडा : कुठं जायचं?

हार्लन : टपालाच्या डब्यापर्यंत. ब्रेक लागले तर पुढं वळणापर्यंत.

ग्लेंडा : आणि दर रविवारी?

हार्लन : रविवारचं नंतर बघू. आधी ट्रेलर चुकव.

ग्लेंडा : चुकवला. दुसरा गिअर लागत नाहीये.

हार्लन : शिवी दे त्याला. ती द्यायची.

ग्लेंडा : मी चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते.

हार्लन : आज शनिवार आहे.

ग्लेंडा : तू तिकडं बघ.

हार्लन : बघतोय.

ग्लेंडा : लागला.