माणिकप्पाची पोझिशन

...न्हाय, पण मला एक सांगा, सासऱ्याच्या जीपगाडीत जावई डबा कशाला बसवतो? जेवणाचा न्हाय हो, रेडिओचा डबा! म्या संशय घेत न्हाय, फकस्त इचारतो.

तुमाला सांगतो, आमचे जावई उमाशंकर, धाराशिवला कालेजात शिकवत्यात, मानूस गुणाचा, सुपारीचं खांड तोंडात धरत न्हाय, पण नाद लागला त्या हॅम रेडिओचा, बिनतारी संदेशाचा! पंचमीला आले आन आमच्या परंड्याच्या घरावर ही एवढी एरियलची नळी उभी केली. म्हणं, "मामा, गाडीतला डबा हळू बोलतो. नळी त्येचं ऐकती आन मोठ्यानं पुढं सांगती." ऐकायचं आन मोठ्यानं पुढं सांगायचं... आवो, त्येला शेजारची चन्नम्मा हाय की! तिला करंटबी लागत न्हाय!

म्हणलं, डबा सांगतो काय? तर म्हणं, "तुमची पोझिशन." हां, मग बसवा! किराणा दुकान हाय, देवळाच्या पंचात नाव हाय, चार लोकांत पोझिशन हाय आपली, कळू द्या जगाला! मागनं कळलं, पोझिशन म्हंजे गाडी कुठं उभी हाय ती. नकाशावर. शिवगंगाच्या, म्हंजे आमच्या कुटुंबाच्या मोबाईलात! का, तर पूरबिर आला, मोबाईल बंद पडलं, तर डबा कामाला येतो. मग मोबाईल बंद पडल्यावर कामाला येणारा डबा, बायको मोबाईलातच कशी बघती? म्या संशय घेत न्हाय, फकस्त इचारतो.

आता तुमच्यापासनं काय लपवायचं... मला शुगर हाय. डॉक्टरनं गोड तोडलंय. आन भूमच्या वाटंला एक खव्याची भट्टी हाय, तिथला पेढा, गरम, कढईतनं काढल्या काढल्या... खाल्लाय का कधी? न्हाय ना? मग माझं दुःख तुमाला कळायचं न्हाय. दर बेस्तरवारी धाराशिवला माल बघाय जातो म्हणून निघायचं आन भट्टीपाशी थांबायचं. परवा शिवगंगा भाकरी वाढता वाढता म्हणली, "भट्टीपाशी गाडी का थांबली वो?" म्हणलं, टायर बघत हुतो. "मागच्या बेस्तरवारीबी टायरच?"

मग डोस्कं चालवलं! आमच्या गल्लीतला बजरंग टेंपोत भाजी घालून धाराशिवला जातो. डबा काढला, त्येला दिला, म्हणलं सीटखाली ठिव, सांजच्याला परत दे. म्हंजे नकाशावरचा माणिकप्पा धाराशिवला आन खरा कढईपाशी. हाय का न्हाय?

पोटभर खाऊन, मिशा पुसून घरी आलो. बार्शीचा कोण रेडिओवाला, जावयाचा दोस्त, त्येचा फोन येऊन गेल्ता. "काकू, मामांची गाडी दुपारपासनं एकाच जागी हाय, हलंना. पंक्चर झाली का? मदत पाठवू का?" शिवगंगानं इचारलं, कुठं उभी हाय? "हायवेला, कलाकेंद्राम्होरं."

बजरंग्या! अरं मुडद्या, भाजी इकाय गेल्तास का लावणी बघाय! आन हे फोनवरचं ऐकाय समोर कोण बसल्यालं? चन्नम्मा! तांदूळ निवडत! नळीच्या आदी तिनं गावभर पुढं सांगितलं.

आता करावं काय? पेढा कबूल करावा तर शुगर, न करावा तर लावणी! शिवगंगा रडली न्हाय, ओरडली न्हाय. हळूच म्हणली, "म्या संशय घेत न्हाय, फकस्त इचारते." इतक्या वर्सांचा संसार, आन त्यो बजरंगच्या सीटखाली अडकला! गळ्यातलं इष्टलिंग हातात धरून सांगितलं, भट्टीवर हुतो, पेढं खाल्लं, बाकी काय न्हाय. ती म्हणती, "जावई तर म्हणत्यात, डबा खोटं बोलत न्हाय."

मग म्याच बोट म्होरं केलं. म्हणलं, टोच! तिनं शुगरची मशीन आणली, टोचलं... तीनशेच्या वर! आवो, शुगर वाढली म्हणून देवाम्होरं साखर ठिवणारा म्या पयलाच! शिवगंगा डोळं पुसत हसली, आन हसता हसता घरातला गूळसुदीक कुलपात घातला.

चन्नम्माला सांगितलं, बाई, त्यो पेढा हुता. तर ही बया पेढ्याचं काय पुढं सांगंना! लावणी लांब गेली, पेढा हितंच राहिला. म्या संशय घेत न्हाय... पण ह्या नळीत बिघाड हाय.

आन डबा? त्यो आता गाडीत नसतो. शिवगंगानं माझ्या बंडीच्या खिशात घालून वरनं टाका मारलाय. जावई फोनवर खूश, "मामा, तुमची पोझिशन आता एकदम पक्की दिसती!"

दिसती हो, नकाशावर दिसती... गावात तेवढी राहिली न्हाय.