प्रतिसाद सोडा

छकू — पहिलं बरं, की दुसरं? फरक वाटत नसेल तर तसं सांग.

दादा — पुन्हा दाखव.

छकू — हे पहिलं. हे दुसरं.

दादा — पहिल्यात अक्षरं काळी आहेत, दुसऱ्यात बारीक. काळी म्हणजे बरी धरायची का?

छकू — दादा, ही परीक्षा नाहीये. तुला काय वाटतं ते सांगायचं फक्त.

दादा — वाटणं हे मोघम झालं. आमच्या लॅबमध्ये पाण्याच्या नमुन्यापुढे ‘बरा वाटला’ असं लिहिलं तर मला घरी बसवतील.

छकू — इथे मी बसवलंय. मान हलवू नकोस, फ्रेम जड आहे. खालची ओळ वाच.

दादा — प, म, ख. मग ष किंवा प.

छकू — एकच अक्षर दोन कसं असेल?

दादा — म्हणून तर बहिणीच्या दुकानात आलोय. परवा स्क्रीनवरचा एक अनुस्वार मला दिसला नाही. मला, आणि अनुस्वार.

छकू — अरेरे. पेपरात कसं आलं नाही?

दादा — हस तू.

छकू — म्हणजे अजून करतोस ते? दौतचं?

दादा — करतो कसला. राखण करतोय. मराठी भाषांतराच्या गटात मी एकटाच उरलोय आता.

छकू — बाबा म्हणायचे, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून दौत नावाचं ब्लॉगचं सॉफ्टवेअर केलं, कुणी एक पैसा घेतला नाही, आणि आमचे चिरंजीव त्यात बरोब्बर जाऊन पडले.

दादा — असं म्हणायचे?

छकू — कौतुकानेच. उजवा डोळा झाला. डावा घेते, थांब, काचा बदलू दे.

दादा — एके काळी काय गर्दी होती. बँकेतला एक जण, एक दातांची डॉक्टरीण, एक ‘बुवा’ नावाचा होता, तो कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. सगळे टोपणनावानेच यायचे. एका बटणावर काय लिहायचं यावर आठवडाभर जुंपायची.

छकू — आणि शेवटी तू म्हणशील ते.

दादा — तपासनीस होतो मी. कुणीतरी ठरवावं लागतं. नाहीतर एका पानावर ‘मसुदा’ आणि दुसऱ्यावर ‘कच्चं लिखाण’.

छकू — कच्चं लिखाण काय वाईट आहे?

दादा — तूही तेच म्हण. मला एक वाक्य बदलायचंय, छकू, आणि बदलता येत नाहीये.

छकू — तपासनीस ना तू?

दादा — ज्याने वाक्य मंजूर केलं, त्याला एकट्याला ते बदलता येत नाही. दुसऱ्या कुणीतरी होकार द्यावा लागतो. नियम आहे तसा.

छकू — असला नियम केला कुणी?

दादा — मीच.

छकू — वा.

दादा — नवी आवृत्ती निघतेय. त्यानंतर मराठीकडे बघायला कुणी नाही, मीही सोडणार. म्हणजे आत्ता जे आहे ते तसंच राहणार, प्रत्येक मराठी ब्लॉगच्या प्रत्येक लेखाखाली.

छकू — कुठलं वाक्य?

दादा — लेख संपला की खाली चौकट येते. इंग्रजीत ‘लीव्ह अ रिप्लाय’. त्याचं मी केलं होतं ‘प्रतिसाद सोडा’.

छकू — हं.

दादा — शब्दाला शब्द, अगदी चोख. इतकी वर्षं त्यात मला काही वावगं दिसलं नाही. परवा आमच्या लॅबमधली नवी मुलगी कुणाचा तरी ब्लॉग वाचत होती. मला विचारते, सर, हे प्रतिसाद सोडा म्हणजे काय, लिहायचा नाही का? सोडून द्यायचा?

छकू — तू काय म्हणालास?

दादा — चहा आणायला गेलो. लोक सिगारेट सोडतात, नोकरी सोडतात, नाद सोडतात. मी त्यांना प्रतिसाद सोडायला सांगत होतो. आणि हे तेव्हाच एकाने सांगितलं होतं मला. भिंग नावाचा होता गटात. काय पडलं?

छकू — काच. हातातून सुटली. बोल तू.

दादा — मोठा माणूस, पण हट्टी. म्हणजे माणूसच असावा. भिंग नपुंसकलिंगी, त्यामुळे विचारायची पंचाईत.

छकू — काय म्हणाला होता तो? की ते?

दादा — त्याची एक लकब होती. शब्द सुचवायचा तर कधी एक सुचवायचा नाही, दोन. ‘पहिलं बरं की दुसरं?’ आणि खाली, ‘फरक वाटत नसेल तर तसं सांगा.’ या वाक्यासाठी त्याने पहिलं दिलं, ‘काय वाटलं ते लिहा’. दुसरं नुसतं ‘बोला’.

छकू — मग?

दादा — मी विचारलं, मूळ वाक्यात ‘वाटणं’ कुठे आहे? तो म्हणाला, मूळ वाक्यात नसेल, वाचणाऱ्यात असतं. सगळ्यांसमोर म्हणाला. मग मी सगळ्यांसमोर लिहिलं, ज्यांना मनचं लिहायची हौस आहे त्यांनी आपापला ब्लॉग काढावा, इथे भाषांतर चालतं. बँकवाल्याने टाळ्यांची चित्रं टाकली. मला तेव्हा बरं वाटलं.

छकू — आणि भिंग?

दादा — गेला. आता सापडत नाही. जुन्या पत्त्यावर दोनदा लिहिलं, उत्तर नाही. त्याने होकार दिला तर वाक्य बदलेल, पण खरं सांगू, तेवढ्यासाठी नाही शोधत. वाईट वाटतं.

छकू — मोघम झालं.

दादा — काय?

छकू — वाटणं. डावा डोळा. कुठल्या काचेतून स्पष्ट दिसतं?

दादा — ही.

छकू — आणि आता?

दादा — आधीचीच. छकू, त्याच्याशी मी खूप बोललोय. गटात नव्हे, आमचं आमचं वेगळं. घरी कुणाला बोललो नाही असलं काय काय. अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं.

छकू — असेल. चाळिशी लागलीये तुला, बाकी नंबर फार नाही. आता डोळ्यांत थेंब घालते. मागचा पडदा बघायचाय.

दादा — तो कशाला?

छकू — बाबांचा काचबिंदू उशिरा कळला. तुझा मला उशिरा कळून चालणार नाही. वर बघ. झोंबेल जरा.

(थेंब घालून झाले आहेत. दादा डोळे मिटून खुर्चीत रेलला आहे. छकू काचा पुसून खोक्यात लावते आहे.)

दादा — छकू.

छकू — डोळे उघडू नकोस.

दादा — नाही उघडत. उजव्या डोळ्याच्या वेळी तू म्हणालीस, पहिलं बरं की दुसरं.

छकू — सगळ्यांनाच म्हणते. दिवसभर तेच म्हणत असते.

दादा — आणि पुढे म्हणालीस, फरक वाटत नसेल तर तसं सांग. डाव्याच्या वेळी नाही म्हणालीस. डाव्याच्या वेळी शब्द बदललेस.

छकू — कंटाळले असेन.

दादा — तू शब्द बदलत नाहीस. लहानपणापासून तुझं एक वाक्य ठरलं की ठरलं. मधे मी फक्त भिंगचं बोललो होतो.

छकू — तुझं लक्ष असतं कधीकधी.

दादा — तू होतीस.

छकू — मान सरळ ठेव.

दादा — छकू, तू होतीस?

छकू — तू फोन उचलायचा नाहीस, दादा. उचललास तरी ‘मीटिंगमध्ये आहे’. आणि तिथे कुणी कुठून काही विचारलं की लगेच उत्तर, तेही किती समजावून. एका आजोबांना पासवर्ड कसा बदलायचा ते तू चार वेळा सांगितलंस, न वैतागता. मी म्हटलं, हा कोण? मला हवा होता हा भाऊ. म्हणून आले.

दादा — सांगायचं नाही मला?

छकू — सांगणार होते. मग तू इतकं बोलायला लागलास, की सांगितलं असतं तर थांबला असतास.

दादा — मी तुला लिहिलं होतं... बाबांचं.

छकू — हो.

दादा — त्यांची नजर गेल्यावर मी का येत नाही ते.

छकू — ‘त्यांना मी दिसणार नाही, मग जाऊन काय करू.’ पाठ आहे माझं. बाबा शेजारीच बसले होते तेव्हा, शेंगा सोलत. विचारलं त्यांनी, काय लिहितोय गं तो?

दादा — म्हणजे त्यांना माहीत होतं? तू तिथे आहेस हे?

छकू — संध्याकाळी वाचूनच दाखवायचे त्यांना, आज दादाने कुणाला काय शिकवलं. पेपरच्या आधी ते. पासवर्डवाले आजोबा तर त्यांचे लाडके झाले होते.

दादा — ते वाक्य वाचून दाखवलंस?

छकू — ते नाही. म्हटलं, जेवलास का विचारतोय. डोळे पुसू नकोस, थेंब आहेत.

दादा — थेंबांनीच येतंय पाणी.

छकू — तेच म्हणतेय मी.

दादा — मग मी तुला तसं लिहिलं. सगळ्यांसमोर.

छकू — ब्लॉग काढा म्हणालास. काढला.

दादा — म्हणजे?

छकू — बाबा म्हणाले, एवढा म्हणतोय तर काढू या की. तो वाचेलच, तिथे प्रत्येक नव्या ब्लॉगवर पहिलं काहीतरी तोच लिहितो ना? आयुष्यभर मोजणीच्या कचेरीत लोकांचे नकाशे काढले, आता रस्ते दिसत नाहीत तर तोंडाने सांगतो, तू टाइप कर. मी गटात दुवा टाकला, नवीन ब्लॉग म्हणून. भिंगच्याच नावाने.

दादा — मी भिंगचं काही दिसणारच नाही अशी सोय करून ठेवली होती. भांडणाच्याच दिवशी.

छकू — ते आम्हाला कुठे कळणार. आम्ही आपलं वाट बघत. रोज विचारायचे, खाली काही आलंय का? मी म्हटलं, बाबा, मी फोन करून सांगते ना त्याला. तर नाही. त्याचं त्याला सापडू दे, म्हणाले, सांगून वाचायला लावलं तर काय अर्थ. मी ऐकलं त्यांचं. ऐकायला नको होतं.

दादा — त्यांचा स्वभाव होता.

छकू — तुझाही तोच आहे. मधे मी एकटी, दोन्हीकडे काचा बदलत. एकदा म्हणाले, काही आलं नाही ते राहू दे, तिथे लिहिलेलं काय असतं ते तरी वाच. मी वाचलं, ‘प्रतिसाद सोडा’. हसले. म्हणाले, बरं, सोडला.

दादा — छकू.

छकू — त्यानंतर नाही सांगितलं काही टाइप करायला. पेपरच वाचायचो मग.

दादा — आहे अजून तो ब्लॉग?

छकू — आहे. तुमचं दौत कुणाचं काही पुसत नाही. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर उघडाच असतो, दुकानात कुणी नसलं की बघते.

दादा — दाखव मला. उघडतो डोळे.

छकू — उघड. पण वाचता येणार नाही तुला.

दादा — का? दिसतंय की. दार दिसतंय, रस्त्यापलीकडची पाटी दिसते.

छकू — लांबचं दिसेल. जवळचं नाही. थेंबांनी तसंच होतं, संध्याकाळपर्यंत उतरेल.

दादा — नुसते मुंगळे दिसताहेत.

छकू — नाक लावू नकोस स्क्रीनला. संध्याकाळी वाच.

दादा — नाही. तू वाच. त्यांना वाचून दाखवायचीस तसं.

छकू — गिऱ्हाईक येईल आता.

दादा — येऊ दे. बसेल.

छकू — भिंगचा होकार हवा होता ना तुला? तो देते. ‘बोला’ करून टाक.

दादा — ते नंतर. आधी हे.

छकू — शेवटचा वाचते. छोटा आहे. ‘आमच्या कचेरीमागे एक गल्ली आहे. नकाशात ती मी टोकाला बंद दाखवली. खरं तर ती बंद नाही. टोकाच्या भिंतीला एक फट आहे, एखादं पोर आडवं होऊन जाईल एवढी. माझा मुलगा शाळा सुटली की त्या फटीतून माझ्याकडे यायचा. एक खांदा कायम चुन्याने पांढरा. फट मापात बसत नव्हती, म्हणून मी दाखवली नाही. आता डोळ्यांपुढे काही नाही, तर सगळ्या गावात ती फट तेवढी दिसते. अलीकडे तिकडून कुणी गेलं असेल तर सांगावं, फट आहे की बुजवली.’

दादा — पुढे?

छकू — पुढे नाही. एवढंच.

दादा — आणि खाली?

छकू — खाली तुझंच वाक्य आहे.