विटांवरची फियाट

(चामराजपेट, बंगळूर. खंडेनवमीची सकाळ. टायरच्या एका लहान दुकानापुढे मालवाहू रिक्षा उभी आहे. तिच्यात चार नवी लोखंडी चाकं आणि चार नवे टायर.)

तुंगाबाई : म्हणजे तुम्हीसुद्धा नाहीच म्हणता. हरकत नाही. मात्र कारण सांगा, आणि ते खरं सांगा. गेले काही दिवस मी नुसती बनावट कारणं ऐकते आहे.

बसवंत : आज्जी, कारण तुमच्या समोरच हाय की. ती फळी बगा. टॉमीची पहार, पान्हे, जॅक, समद्यांस्नी हळद-कुंकू लावलंय. आज खंडेनवमी. पूजेतलं हत्यार मी उचलत न्हाई. टायर रिमवर चढवायचा म्हंजे टॉमी लागणारच. नुसत्या हातानं कसा चढवू?

तुंगाबाई : हे कारण मला मान्य आहे. माझ्या घरी आज विळीसुद्धा पूजेत आहे. सून रम्या शेंगा हातानं मोडते आहे. मराठी बोलता, म्हणजे निपाणीकडचे का?

बसवंत : निपाणीच्या अलीकडचं गाव आमचं. बसवंत म्हणत्यात मला. तुमास्नी इथं कुणी धाडलं?

तुंगाबाई : कोपऱ्यावरच्या फुलवालीनं. म्हणाली, तिथं भाव वाजवी आहे आणि मालक खोटं बोलत नाही. यांतला एकही गुण मला इतरत्र आढळला नाही. हमरस्त्यावरच्या काचेच्या दुकानात सांगितलं, टायर आमच्याकडचे नसतील तर आम्ही हात लावत नाही. त्याच्या शेजाऱ्यानं चढवण्याची मजुरी अशी सांगितली, की तेवढ्यात मला पाचवा टायर आला असता. तिसऱ्यानं माझ्याशी बोलणंच टाळलं. या रिक्षावाल्याला विचारलं, यांच्या घरी पुरुष माणूस नाही का.

बसवंत : मग रिक्षावाला काय म्हणाला?

तुंगाबाई : म्हणाला, असेल, पण मला यांचीच भीती वाटते. समंजस माणूस आहे, म्हणून आजही त्यालाच बोलावलं.

बसवंत : गाडी कुठली म्हणायची? आन् चालवतंय कोण?

तुंगाबाई : फियाट. मी चालवते. माझ्या पहिल्या परवान्यावर म्हैसूर राज्याची मोहर आहे. आताचाही चालू आहे, डोळ्यांच्या डॉक्टरांच्या दाखल्यासह. तूर्त गाडी विटांवर उभी आहे, कारण तिची चाकं चोरीला गेली.

बसवंत : अरारा. चोर घावला का न्हाई?

तुंगाबाई : सापडला. रोज माझ्याच पंक्तीला जेवतो.

बसवंत : म्हंजे... आज्जी, राग मानू नका. तुमचे चिरंजीव चष्मेवाले काय? निळी स्कूटर?

तुंगाबाई : तुम्हाला कसं ठाऊक?

बसवंत : परवा आलते. म्हणाले, एक वयस्कर बाई चाकं घिऊन येतील. त्यांस्नी भाव असा सांगा की त्यांनी परत जावं. समद्या दुकानांत सांगून आलोय म्हणाले. मी म्हटलं, साहेब, माझा भाव एकच हाय, गिऱ्हाईक बगून बदलत न्हाई. तर नाराज होऊन गेले.

तुंगाबाई : असं. म्हणजे तो पाचव्या टायरचा भाव माझ्या मुलानं ठरवला होता.

बसवंत : मी सांगायला नको हुतं काय?

तुंगाबाई : सांगायलाच हवं होतं. आणि पाहा, नाव काढलं तोच आला. बिंदुमाधव, स्कूटर मागे घे. लोकांच्या रांगोळीवर चाक घातलंस.

बिंदुमाधव : सॉरी, सॉरी. आई, मी घरभर शोधतोय तुला. रम्या म्हणाली, टायर घेऊन गेल्या. अगं, आज सणाचा दिवस, ऑफिसला सुट्टी, शांतपणे घरी बस ना.

तुंगाबाई : बसेन. आधी या गृहस्थांना नमस्कार कर. तुमची ओळख आहे म्हणतात.

बिंदुमाधव : ...हो. नमस्कार.

बसवंत : नमस्कार साहेब. मी सांगितलं त्यांस्नी. खोटं बोलायची सवय न्हाई, त्याला काय करू?

बिंदुमाधव : बरं झालं. मलाही लपवून कंटाळा आला होता. आई, मी सांगितलं दुकानदारांना. कबूल. तू ऐकतच नाहीस, मग मी काय करायचं?

तुंगाबाई : समोर उभं राहून नाही म्हणायचं. तुझ्या घराण्यात ती रीत आहे. माझी चाकं मला न विचारता भंगारात घातलीस, ते मी गिळलं. नवी आणली, माझ्या पैशानं. परंतु परक्या माणसांच्या दारोदार जाऊन, माझी आई आली तर तिला हाकलून द्या, असं सांगितलंस. हे मी कुठं ठेवू?

बिंदुमाधव : हाकलून द्या असं नाही म्हणालो.

तुंगाबाई : भाव चढवून हाकलायला सांगितलंस. तुम्हा बँकेतल्या लोकांना तेवढंच येतं.

बिंदुमाधव : आई, गेल्या वर्षी ती म्हैस मध्ये आली, तू गाडी कुंपणावर घातलीस. म्हशीच्या जागी लहान मूल असतं तर?

तुंगाबाई : मूल असतं तरी मी कुंपणावरच घातली असती. त्यालाच गाडी चालवणं म्हणतात. कुंपण मी बांधून दिलं. म्हैस धडधाकट आहे. रोज दारावरून जाते आणि थांबून माझ्याकडे पाहते.

बिंदुमाधव : चेष्टा नको. हे शहर आता तुझं राहिलेलं नाही. काय ट्रॅफिक झालाय! परवा सिग्नलला मीच घाबरलो. मी तुला मारुती घेऊन देतो, ड्रायव्हरसकट. हवं तिथं जा.

तुंगाबाई : म्हणजे मी कुठं जाते हे आधी ड्रायव्हरला कळेल, मग तुला, मग मला. नको.

बिंदुमाधव : बरं, मग उद्या मी नेतो. फियाट नाही, टॅक्सी करू. तुला सीमोल्लंघनच करायचं ना? के. आर. पुरमच्या पुढं जाऊ, बन्नीची, म्हणजे आपल्या शमीची, पानं घेऊ, संध्याकाळी परत. तू आरामात मागं बस.

बसवंत : आज्जी, तुम्ही सीमोल्लंघनाला सोता गाडी घिऊन जाता?

तुंगाबाई : लग्न होऊन या गावात आल्यापासून एक दसरा चुकलेला नाही. आधी याचे वडील शेजारी बसत. ते गेल्यावर एकटी जाते. पूर्वी अलसूरचं तळं मागे टाकलं की गाव संपत असे, आता के. आर. पुरम ओलांडलं तरी संपत नाही. सीमा दरवर्षी पुढे सरकते आणि मी दरवर्षी तिच्या पुढे जाते. गेल्या दसऱ्यानंतर यानं चाकं काढली. यंदा मी टॅक्सीत मागे बसले, तर पुढच्या वर्षी मला कुणी विचारणारही नाही. पानं घरी आणून हातात देतील.

बिंदुमाधव : त्यात वाईट काय आहे?

तुंगाबाई : बिंदुमाधव, सीमोल्लंघन दुसऱ्याच्या हातून होत नाही. झालं असतं तर राजांनी घरी बसून शिपायांना पाठवलं असतं.

बिंदुमाधव : तुला नाही कळत. ऑफिसात फोन वाजला की तो मी शेजारच्याला उचलायला लावतो. प्रत्येक वेळी वाटतं, आता कुणीतरी सांगणार, तुमच्या आईच्या गाडीला... मला पुढचं बोलवत नाही. दरवेळी. हे काय मी हौसेनं करतो?

तुंगाबाई : नाही. हौसेनं करत नाहीस, हे मला ठाऊक आहे. तू शाळेतून सुटल्यावर सायकल घेऊन मार्केटच्या गर्दीत जात होतास. दिवे लागेपर्यंत परतत नसस. मी दारात उभी राहत असे, आणि तुझे वडील म्हणत, आत ये, येईल तो. ती भीती माझ्या चांगल्या ओळखीची आहे. पण मी तुझ्या सायकलची चाकं काढून ठेवली नाहीत.

बिंदुमाधव : सायकल आणि गाडी एक नाही, आई.

तुंगाबाई : भीती तुझी आहे, ती तू सांभाळ. माझी मी सांभाळली. आता बसवंत, तुमचा वेळ आम्ही फार घेतला. सणाच्या दिवशी दारात भांडण आणलं, त्याची क्षमा करा. चाकं मी परत नेते.

बसवंत : थांबा की आज्जी, स्वल्प थांबा. आज न्हाई म्हटलं मी. उद्याचं कुठं म्हटलं?

तुंगाबाई : उद्या दसरा. दुकान बंदच असेल ना?

बसवंत : बंदच. दुपारच्या गाडीनं गावाकडं जाणार. पण पहाटं पूजा हलवायची, हत्यार उचलायचं, आन् एक काम करूनच कुलूप लावायचं. हत्यार नुसतं उचलून खाली ठेवायचं न्हाई. आमच्या बानं घालून दिलेली रीत हाय. आन् त्या कामाची मजुरी घ्यायची न्हाई. गिऱ्हाईकानं नारळ ठेवायचा नि विडा. सरी? चालंल न्हवं?

तुंगाबाई : सरी नाही. फुकट मी काही करून घेत नाही.

बसवंत : फुकट कुठं? देवीचं काम हाय.

तुंगाबाई : मग देवीपुढं नारळाखाली मी काय ठेवते, ते तुम्ही पाहायचं नाही. ती देवीची आणि माझी गोष्ट. तुमचा रोजचा वाजवी भाव मला फुलवालीनं सांगितला आहे.

बसवंत : तुमच्याशी कोण बोलणार, आज्जी? बरं, डोळं झाकतो. पण त्या पैल्या कामासाठी एक लॉरीवाला सांगून गेलाय...

बिंदुमाधव : मग त्याचंच करा ना. शब्द दिलाय तुम्ही.

बसवंत : शब्द न्हाई दिला साहेब. बगू म्हटलं हुतं. त्याच्या लॉरीला काय, परवा बी टायर चढंल. यांचं सीमोल्लंघन परवा हुतंय काय?

तुंगाबाई : नाही होत. ते अपराह्नी करायचं असतं. सकाळी टायर चढले, तर दहाला चाकं घरी, नट आवळून विटा काढायला तासभर, जेवून दोनला निघता येईल. नट मी आवळीन. शेवटचा पीळ द्यायला मात्र कुणीतरी हवं. मनगटात पूर्वीचं बळ नाही.

बसवंत : मग चाकं आतच ठेवा. फळीला लागून उभी करू. आज समद्यांची पूजा हाय, त्यांची बी हुईल. एकदा पूजेत बसली की ते काम मी कुणासाठी बी परत करत न्हाई. साहेब, नीट ऐका हं. पुन्हा परवासारखं येऊ नका.

बिंदुमाधव : ऐकलं.

तुंगाबाई : ऐकलंस ना? मग उचल.

बिंदुमाधव : मी?

तुंगाबाई : रिक्षावाल्याला भाड्यासाठी आणलंय, हमालीसाठी नाही. बसवंतांनी सोवळं नेसलंय. मी उचलू शकते, पण तुलाच पाहवणार नाही. दोन्ही हातांनी धर. रांगोळी चुकवून जा.

बिंदुमाधव : जड आहेत गं.

तुंगाबाई : चाकंच ती. तू सहज काढली होतीस.

बसवंत : इकडं, साहेब, इकडं. पैलं भिंतीला टेकवा. हां. आता दुसरं.

बिंदुमाधव : आई.

तुंगाबाई : बोल.

बिंदुमाधव : नटांना शेवटचा पीळ मी देतो उद्या. चारही चाकांना. मी स्वतः तपासल्याशिवाय गाडी विटांवरून उतरणार नाही.

तुंगाबाई : योग्य आहे. तपासायलाच हवं.

बिंदुमाधव : आणि... मी शेजारी बसलो तर चालेल? गप्प बसेन. सिग्नलबद्दल एक अक्षर बोलणार नाही.

तुंगाबाई : चालेल. फक्त पाय आवरून बस. कुणी आडवं आलं की तुझे वडील त्या बाजूला जोरजोरानं पाय दाबत असत. तिथं ब्रेक नाही, हे मला त्यांना शेवटपर्यंत सांगावं लागलं.